सूज ओसरते तेव्हा

आमच्या प्रयोगशाळेत सूज मुद्दाम आणली जाते. उंदराच्या मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या, पेशी ३७ अंशांवर, प्लॅस्टिकच्या प्लेटच्या तळाशी चिकटून वाढत असतात. त्यांच्यावर ई. कोलाय या जीवाणूच्या कवचातला एलपीएस नावाचा पदार्थ नॅनोग्रॅमच्या मापात सोडायचा. जिवंत जीवाणू एकही नसतो, त्याची ओळख पटवणारा तुकडा तेवढा असतो. पेशींना तो पुरतो. हल्ला झाला असं समजून त्या नायट्रिक ऑक्साइड बनवू लागतात. दुसऱ्या दिवशी वरचं द्रव काढून त्यात ग्रीसचं अभिकारक मिसळलं की काही मिनिटांत प्लेटची घरं गुलाबी होतात. जितका दाह जास्त, तितका रंग गडद. नवे विद्यार्थी त्या गुलाबी रंगाने हरखून जातात. माझी नजर त्याच प्लेटमधल्या फिक्या राहिलेल्या घरांकडे जाते. तिथे पेशी तेवढ्याच असतात आणि एलपीएसही तेवढंच पडलेलं असतं. फरक इतकाच, की आदल्या रात्रीपासून कुठे डेक्सामिथासोन हे स्टेरॉइड, कुठे रोझिग्लिटाझोन हे मधुमेहाचं औषध दिलेलं असतं. त्या पेशींना धोका कळलेला आहे आणि तरी त्यांनी हात आवरला आहे. तो कसा आवरला, या प्रश्नात माझी नोकरीतली बहुतेक वर्षं गेली, आणि ती सगळी तंजावरात.

मी मूळची मिरजेची. दवाखान्यांच्या गावात वाढल्यामुळे आजार म्हणजे काहीतरी बाहेरून येतं आणि औषध ते मारतं, अशीच समजूत होती. जीवशास्त्र शिकतानाही दाह सुरू कसा होतो याची प्रकरणंच्या प्रकरणं वाचली. तो संपतो कसा, याला शेवटचा एखादा परिच्छेद असायचा. जणू लाकडं संपली की आग विझतेच, तसा दाह आपोआप ओसरतो, असं गृहीत धरलेलं. तंजावरला आल्यावर समजलं की ओसरणं हे शरीराचं वेगळं काम आहे. त्याला स्वतःची यंत्रणा लागते, आणि ती बिघडली तर जंतू मेल्यावरही जखम धुमसत राहते.

ही यंत्रणा चालवणाऱ्यांत न्यूक्लिअर रिसेप्टर मोठे आहेत. पेशीचे बरेचसे रिसेप्टर तिच्या बाहेरच्या पडद्यावर असतात. हे मात्र आत राहतात, कारण ज्यांची ते वाट पाहतात ते रेणू स्निग्धात विरघळणारे असतात आणि पडदा ओलांडून थेट आत येतात. कॉर्टिसॉल, इस्ट्रोजेन, ड जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप, अ जीवनसत्त्वापासून बनणारं आम्ल, मेदाम्लं, कोलेस्टेरॉलची ऑक्सिडीभूत रूपं, असे हे रेणू. असा रेणू चिकटला की रिसेप्टर डीएनएवर बसून ठराविक जनुकं सुरू किंवा बंद करतो. माणसात असे ४८ रिसेप्टर आहेत. मजा अशी, की यातल्या एकाचा उपयोग वैद्यकाने त्याचा पत्ता लागण्याआधीच केला होता. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका बाईंना कॉर्टिसोन दिलं आणि त्या काही दिवसांत चालू लागल्या. १९५० साली त्या कामाला नोबेल मिळालं. पण ज्या प्रथिनावर हे औषध काम करतं, त्या ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरचं जनुक रोनाल्ड इव्हान्स यांच्या प्रयोगशाळेने वेगळं काढलं ते १९८५ मध्ये.

या रिसेप्टरांवर काम करायचं म्हणजे साध्या गोष्टींचा जाच फार. पेशींना वाढायला गाईच्या गर्भातल्या वासराचं सीरम लागतं, आणि त्या सीरममध्ये हार्मोन असतात, चरबी असते. म्हणजे आपण काही देण्याआधीच रिसेप्टरला काहीतरी मिळालेलं असतं. म्हणून कोळशाने गाळून हार्मोन काढलेलं सीरम वापरावं लागतं. माध्यमाला लाल रंग देणारं फिनॉल रेड क्षीण इस्ट्रोजेनसारखं वागतं, तेही वगळायचं. रुग्णाचं रक्त घ्यायचं तर रोज ठरलेल्या वेळी, सकाळी आठच्या सुमारास, कारण कॉर्टिसॉल पहाटेपासून चढतं आणि दिवसभर उतरत जातं. दुपारचं रक्त आणि सकाळचं रक्त या दोन वेगळ्या कहाण्या असतात. आमच्या प्रयोगशाळेतले मदतनीस, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, बर्फाचा डबा घेऊन सकाळच्या पहिल्या बसने रुग्णालयात पोचतात. त्यांना या रिसेप्टरांची नावं पाठ नाहीत, पण आठ वाजून गेले तर नमुना घ्यायचा नाही, हे ते नव्या डॉक्टरांनाही ठणकावून सांगतात.

रुग्णालयाचा संबंध आला तो पायांमुळे. कावेरीच्या या खोऱ्यात भाताचं पीक, आणि भात म्हणजे चिखलातलं काम. मधुमेह इथे आता गावोगावी पोचला आहे. संवेदना गेलेल्या तळव्यात काटा, शिंपला, पत्र्याचा तुकडा घुसला तरी माणसाला कळत नाही. संध्याकाळी घरातलं कुणीतरी फरशीवरचं रक्त बघून सांगतं. २०१८ च्या नोव्हेंबरात गजा चक्रीवादळाने पट्टुकोट्टै, ओरत्तनाडु भागातल्या नारळाच्या बागा आडव्या केल्या, तेव्हा ती पडलेली झाडं ओढताना झालेल्या जखमा घेऊन लोक पुढे कितीतरी दिवस येत राहिले. उन्हाळ्यात आणखी एक प्रकार दिसतो. मोठ्या देवळात, म्हणजे बृहदीश्वराच्या आवारात, दगडी फरशी दुपारी तव्यासारखी तापते. चालायला काथ्याच्या पट्ट्या अंथरतात, पण दर्शनाच्या ओढीने माणूस पट्टी सोडून जातो. ज्याचे पाय शाबूत आहेत तो चटका बसताच उडी मारतो. ज्याच्या नसा मधुमेहाने मेल्या आहेत तो शांतपणे प्रदक्षिणा पूर्ण करतो, आणि घरी गेल्यावर तळव्याला पाण्याने भरलेले फोड दिसतात.

अशाच फोडाची जखम झालेले एक वयस्क शेतकरी आठवड्यातून एकदा पट्टी बदलायला यायचे. त्यांच्या जखमेतून शल्यचिकित्सक मृत भाग खरवडून काढत; तो एरवी टाकून दिला जातो, त्यातला थोडा आम्ही त्यांच्या संमतीने घेत होतो. संमतिपत्र तमिळमध्ये वाचून दाखवल्यावर ते म्हणाले, "अम्मा, डॉक्टर म्हणतात जंतू आता नाहीत. मग ही जखम कुणाशी भांडतेय?" माझ्या तोडक्या तमिळमध्ये मी सांगितलं, "अय्या, तेच शोधतोय." यापेक्षा नेमका प्रश्न मला कुठल्या परिसंवादात कुणी विचारलेला नाही.

निरोगी माणसाच्या जखमेत मॅक्रोफेज दोन कामं करतात. पहिले काही दिवस जंतूंशी लढाई, मग सफाई आणि डागडुजी. पेशी तीच, पण तिच्यात चालू असलेली जनुकं बदलतात. मधुमेही जखमेत हा बदल अडतो. शिकागोतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं, की नेहमीच्या जखमेत बरं होण्याच्या टप्प्यावर मॅक्रोफेजमध्ये पीपीएआर-गॅमा हा रिसेप्टर वाढतो. मधुमेहात सतत स्रवणारं, दाह पेटवणारं इंटरल्यूकिन-१ बीटा त्याला वाढू देत नाही. उंदरांच्या जखमेवर त्या रिसेप्टरला जागं करणारं औषध वरून लावलं तेव्हा त्या लवकर भरल्या. तो निबंध वाचला त्या रात्री मी पुन्हा आमच्या नमुन्यांच्या वह्या काढून बसले होते.

पीपीएआर-गॅमा दाह थांबवतो हे १९९८ पासून माहीत होतं, पण कसा, याचं एक देखणं उत्तर २००५ मध्ये सॅन डिएगोच्या ख्रिस्तोफर ग्लास यांच्या गटाने दिलं. ते समजावताना मी विद्यार्थ्यांना कल्लणईला नेते. करिकाल चोळाच्या नावाने ओळखला जाणारा तो बंधारा तंजावरहून तासा-सव्वा तासावर आहे. तिथून कावेरीचं पाणी फुटतं आणि एक कालवा आमच्या गावातूनच जातो. दरवाजा वर-खाली करायला पाटबंधारे खात्याचा माणूस असतो. त्याला इथे लस्कर म्हणतात. शांत मॅक्रोफेजमध्ये दाहाच्या जनुकांवर एनकोर नावाच्या प्रथिनाचा संच असाच बंद दरवाज्यासारखा बसलेला असतो. एलपीएसचा इशारा आला की हा संच उचलून दूर केला जातो आणि जनुक वाहू लागतं. पीपीएआर-गॅमाला त्याचा रेणू मिळाला की त्याच्यावर सुमो नावाचं एक चिमुकलं प्रथिन जोडलं जातं, आणि त्या रूपात तो जनुकावरच्या एनकोरला जाऊन धरतो. दरवाजा उचलायला आलेल्या लस्कराचा हात धरावा, तसा. लस्कर तिथेच असतो, इशाराही आलेला असतो, पण दरवाजा हलत नाही. इथे रिसेप्टर डीएनएला स्वतः चिकटतही नाही. पाठ्यपुस्तकातला रिसेप्टर जनुक चालू करतो, आणि हा दुसऱ्याला धरून ठेवून बंद ठेवतो. आमच्या फिक्या घरांमागे जे घडतं, त्यातला एक भाग हा आहे.

मला स्वतःला जो रिसेप्टर सर्वांत जवळचा वाटतो तो मात्र दुसरा, एलएक्सआर. लढाईत मेलेल्या न्यूट्रोफिल पेशी मॅक्रोफेज गिळतात. गिळलेल्या पेशीच्या पडद्यांबरोबर भरपूर कोलेस्टेरॉल आत येतं. त्याची काही ऑक्सिडीभूत रूपं एलएक्सआरला चिकटतात. मग एलएक्सआर तीन गोष्टी एकदम घडवून आणतो. एबीसीए-१ सारखे पंप वाढवून जादा कोलेस्टेरॉल बाहेर टाकायची सोय करतो, मेर नावाचा रिसेप्टर वाढवून मेलेल्या पेशी आणखी गिळायची ताकद देतो, आणि दाहाची जनुकं दाबतो. म्हणजे मेलेल्या पेशी खाणं हाच 'आता पुरे' असा निरोप असतो. रणांगण आवरायला घेतलं की लढाईची आज्ञा आपोआप मागे घेतली जाते. वेगळा सेनापती लागत नाही. हे २००९ मध्ये सिद्ध झालं तेव्हा मी विद्यार्थिनी होते आणि त्या निबंधाची आकृती वहीच्या पहिल्या पानावर काढली होती. आता मधुमेही जखमांकडे पाहताना त्याचा दुसरा अर्थ लागतो. मधुमेही उंदरांच्या जखमांत मॅक्रोफेज मेलेल्या पेशी नीट गिळत नाहीत, हेही दाखवलं गेलं आहे. न गिळल्यामुळे निरोप मिळत नाही, निरोप नाही म्हणून दाह चालू राहतो, दाहाने आणखी पेशी मरतात. अय्यांच्या प्रश्नाचं उत्तर या चक्रात आहे असं मला वाटतं.

मग औषध का देत नाही, असं लोक विचारतात. पीपीएआर-गॅमाला जागं करणारं पायोग्लिटाझोन आमच्या निम्म्या रुग्णांच्या चिठ्ठीवर आधीच असतं, साखरेसाठी. स्वस्त आहे, परिणामकारक आहे. २०१३ च्या जूनमध्ये मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शंकेवरून केंद्राने त्याची विक्री थांबवली आणि जुलैअखेर इशाऱ्यासह पुन्हा सुरू केली. त्या काही आठवड्यांत रुग्णांच्या गोळ्या बदलल्या आणि आमच्या नमुन्यांचा सगळा हिशेब बदलला. पण त्याहून महत्त्वाचं हे, की तोंडाने घेतलेलं औषध सगळ्या शरीरात जातं. पायावर सूज आणतं, हृदय कमकुवत असलेल्यांना त्रास देतं. जखमेतल्या एका प्रकारच्या पेशीतल्या एका रिसेप्टरपर्यंत, तेही योग्य दिवशी पोचणं, हे अजून जमलेलं नाही. माझे काही सहकारी जखमेवर ठेवायच्या तंतुमय पडद्यातून औषध हळूहळू सोडायचा प्रयत्न करतात. माझी आशा तिथे आहे.

'योग्य दिवशी' हे शब्द किती महत्त्वाचे, ते २०२० ने सगळ्या जगाला दाखवलं. १६ जूनला कोविडवरच्या ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीचा निकाल आला. रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामिथासोन, जास्तीत जास्त दहा दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले, नुसत्या प्राणवायूवर असलेल्यांचे एक पंचमांशाने. ज्यांना प्राणवायू लागतच नव्हता त्यांना फायदा झाला नाही. त्यांच्या फुप्फुसांत अजून विषाणूशी लढाई चालू होती, आणि तीच दाबणं उपयोगाचं नव्हतं. औषध तेच, रिसेप्टर तोच, पण दिवस वेगळा. पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत घरोघरी पहिल्या दिवसापासून स्टेरॉइड घेतलं गेलं. ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर यकृतातही असतो आणि तिथे तो साखर वाढवतो. अनियंत्रित साखर आणि हात बांधलेले मॅक्रोफेज, या दोन्हींच्या फटीतून म्युकरमायकोसिसची बुरशी शिरली. मी ज्या शास्त्रावर पोट भरते ते लोकांपर्यंत वेळेत, त्यांच्या भाषेत पोचलं असतं तर काही डोळे वाचले असते, या विचाराने मला तेव्हा फार त्रास झाला, अजूनही होतो.

त्याच काळात 'प्रतिकारशक्ती वाढवा' हा मंत्र झाला. तमिळनाडूत कबसुर कुडिनीर हा सिद्ध वैद्यकातला काढा सर्वत्र वाटला गेला, आणि आमच्याकडे वनस्पतींचे अर्क घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्यांची रांग लागली. मी कुणालाही परत पाठवलं नाही, पण प्रत्येकाला आधी हेच विचारलं: काय वाढवायचं आहे? मॅक्रोफेजचा मारा वाढला तर कोविडच्या फुप्फुसाचं आणि मधुमेही पायाचं काय होतं, ते आपण पाहिलं आहे. हळदीबाबत तर खास काळजी घ्यावी लागते. कुरकुमिन स्वतःच पिवळं असल्यामुळे रंगावर मोजणाऱ्या चाचण्यांना फसवतं, आणि माध्यमात फार टिकतही नाही. हळदीवर माझी श्रद्धा आईने लावलेल्या लेपाइतकी जुनी आहे. म्हणूनच तिच्याबद्दल कच्चा दावा छापून आलेला मला सहन होत नाही.

याबाबतीत तंजावरात एक आधार आहे. राजवाड्याच्या आवारातलं सरस्वती महाल ग्रंथालय मी सुट्टीच्या दिवशी धुंडाळत असते. मोडी वाचायला थोडी शिकले ती त्यासाठीच. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी (१७७७–१८३२) यांच्या हाती १७९९ च्या तहानंतर किल्ल्यापलीकडची सत्ता राहिली नव्हती. त्यांनी धन्वंतरी महाल उभा केला आणि आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपीय वैद्यक यांच्या जाणकारांना एकत्र आणलं. तिथले योग 'सरभेंद्र वैद्य मुरैगळ' या तमिळ ग्रंथमालेत आले. मला त्याहून मोलाच्या वाटतात त्या डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी. रुग्णाची माहिती, उपचार, आणि आजारी डोळ्याचं रंगवलेलं चित्र. लाली कुठे, सूज किती, हे कुणीतरी रुग्णासमोर बसून रंगात उतरवलं आहे. राज्य गेलेल्या माणसाने दोनशे वर्षांपूर्वी रुग्णाची नोंद हे राजाचं काम मानलं, याचा मला मराठी म्हणून अभिमान वाटतो, आणि संशोधक म्हणून त्याहून जास्त.

दाह शमवणं नेहमीच भल्याचं असतं असंही नाही. क्षयाचा जीवाणू मॅक्रोफेजमध्येच घर करतो. चंदीगडच्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं, की तो पीपीएआर-गॅमा आणि टीआर-४ या रिसेप्टरांनाच हाताशी धरून पेशीत चरबीचे थेंब साठवतो आणि सुखाने राहतो. उलट ड जीवनसत्त्वाचा रिसेप्टर मॅक्रोफेजला कॅथेलिसिडिन हे जंतुनाशक प्रथिन बनवायला लावतो. २००६ च्या त्या शोधाने केवढ्या आशा लावल्या होत्या. पण भारतातच २४७ क्षयरुग्णांवर झालेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ड जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रांनी थुंकी लवकर जंतुमुक्त झाली नाही. प्लेटमधली पेशी आणि खोकणारा माणूस यांत एवढं अंतर असतं.

सध्या आमच्याकडे वाद चालू आहे तो मोजमापाच्या दिवसांचा. बहुतेक प्रयोगशाळा एलपीएस दिल्यावर २४ तासांनी थांबतात, कारण तेव्हा आकडे ठसठशीत येतात. एका विद्यार्थिनीने हिशेब मांडून दाखवला, की माणसाच्या पेशींवर सातव्या दिवसापर्यंत टीएनएफ हे दाहाचं प्रथिन, मेर आणि एलएक्सआरची जनुकं मोजायची तर एलायझाचे किट दुप्पट लागतील, आणि शेवटच्या दिवशी आकडे इतके लहान असतील की आलेखात दिसणारही नाहीत. तिचा हिशेब बरोबर आहे. तरी मी सातव्या दिवसाचा रकाना काढू दिलेला नाही. निरोगी माणसाच्या पेशींत ते आकडे खाली येतात. मधुमेही माणसाच्या पेशींत ते खाली यायला किती वेळ लावतात, कुणाचे येतच नाहीत, आणि गिळायला मेलेल्या पेशी दिल्या तर काय फरक पडतो, हे त्या रकान्यात दिसेल. अण्णांनी पुढच्या सोमवारच्या पहिल्या बससाठी बर्फ सांगून ठेवला आहे.